हाताळणीचे वेगळे

दिगंबर सावे, म्हणजे आमचे दिगूभाऊ, यांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाकडे कधी पैसे मागितले नाहीत. पैसे 'लागत' असत. मागायचं म्हटलं की मागणारा कुणीतरी माणूस असावा लागतो. लागण्याचं तसं नाही. ठेच लागते, तहान लागते, तसे नव्या गाडीच्या नोंदणीला पैसे लागतात. आणि ते का लागतात हे विचारणारा माणूस जरा कच्चा आहे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असे.

नव्वद सालानंतर बोईसरला मोटारींचं शोरूम निघालं, तेव्हा मी तिथे हिशेबाच्या कामाला लागलो. तारापूरच्या रस्त्याला एका बाजूला बेअरिंगचं दुकान, दुसऱ्या बाजूला कामगारांची खानावळ आणि मध्ये ही काचेची इमारत. एवढी मोठी काच तोवर गावात कुणी पाहिली नव्हती. पहिले काही महिने रस्त्यावरच्या गाई तिच्यासमोर उभ्या राहून स्वतःकडे बघत असत आणि वॉचमन त्यांना गिऱ्हाइकांपेक्षा अदबीनं बाजूला करत असे. कारखान्यांमुळे पैसा खेळायला लागला होता. इंजिनियर, ठेकेदार, डहाणूकडचे चिकूवाले, किनाऱ्यावरचे वाडीवाले, सगळ्यांना एकदमच चार चाकांची गरज भासू लागली. गाडी पसंत करायची ती पुढे, थंड हवेत, टाय लावलेल्या पोरांसमोर. पेढा तोंडात पडला की गिऱ्हाइकाला मागे, रबराच्या झाडाआडच्या टेबलाकडे पाठवलं जाई. तिथे पाटी होती, 'नोंदणी विभाग'. विभागात दिगूभाऊ एकटेच.

बदामी सफारी, कपाळाला गंध, खिशाला दोन पेनं. एक स्वतः लिहायचं आणि एक गिऱ्हाइकाला सहीसाठी द्यायचं. आवाज असा, की ऑपरेशन झाल्यावर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरनं शिकून घ्यावा. गिऱ्हाईक बसलं की ते लगेच बोलत नसत. फाईल उघडत, एक पान उलटत, सुस्कारा सोडत.

"गाडी छान घेतलीत," ते म्हणत. "आता नंबराचं बघू."

त्या 'बघू'मध्ये एवढी काळजी असे की पेढा खाऊन आलेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जाई.

मग यादी सुरू होई, तोंडपाठ आणि अगदी शांतपणे. "रोड टॅक्स सरकारचा, तो काही आपल्या हातात नाही. विमा कंपनीचा. मग हाताळणीचे. गाडी तपासणीला ठाण्याच्या आरटीओत न्यायची, त्याचे वेगळे. सोबत माणूस जातो, त्याचे वेगळे. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तिला काही पाय नाहीत, त्याचे वेगळे. आणि पूजेचं साहित्य." पूजेचं साहित्य म्हणजे चाकाखाली ठेवायचं लिंबू, एक हार आणि नारळ. नारळ दिगूभाऊंच्या घिवली गावच्या वाडीतून येत. पूजा झाल्यावर न फुटलेला नारळ ते हळूच पिशवीत टाकत, आणि तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीपुढे पुन्हा उभा राही.

कारखान्याच्या कॉलनीतले कुलकर्णी नावाचे एक इंजिनियर होते, आकड्यांना चोख. त्यांनी एकदा विचारलं, "सावे, हाताळणी म्हणजे नक्की काय करता तुम्ही?"

दिगूभाऊंनी त्यांची फाईल दोन्ही हातांनी उचलली, क्षणभर अधांतरी धरली आणि अलगद खाली ठेवली.

"ही," ते म्हणाले.

कुलकर्णी म्हणाले, "बरं, याची पावती मिळेल?"

"मिळेल ना. पावतीचे मात्र वेगळे."

आम्हाला बाजूच्या टेबलांवर वाटलं, आता भडका उडणार. पण कुलकर्णी हसले आणि त्यांनी दोन्हीचे दिले. जाताना बायकोला म्हणाले, "माणूस सरळ आहे. सगळं तोंडावर सांगतो."

नव्या गाड्या तपासणीसाठी ठाण्याला घेऊन जाण्याचं काम रामसकल ड्रायव्हरचं. शेजारी दिगूभाऊ. गाडी रिकामी कशाला न्यायची, म्हणून मागे त्यांच्या मेहुण्याच्या मळ्यातल्या विड्याच्या पानांच्या करंड्या जात. बाजाराचं भाडं वाचे. एकदा पालघरच्या एका डॉक्टरांना आपल्या कोऱ्या गाडीच्या मागच्या सीटखाली पान सापडलं. ते तणतणत आत आले आणि पान टेबलावर आपटलं. दिगूभाऊ उठून उभे राहिले. त्यांनी ते पान दोन बोटांत धरून कपाळाला लावलं.

"डॉक्टर, हे सगळ्यांच्या गाडीत निघत नाही."

डॉक्टरांनी पान परत मागून घेतलं आणि रुमालात गुंडाळून नेलं. पुढे त्यांच्या ओळखीचे दोघे गाडी घ्यायला आले तेव्हा, आमच्याही गाडीत पान निघेल का, असं विचारत होते. शकुनाचे मात्र दिगूभाऊंनी कधी लावले नाहीत. सुचायचे राहून गेले असावेत.

त्यांचं मुख्य भांडवल म्हणजे ठाण्याची ओळख. "तिकडे आपलं रोजचं जाणं-येणं," एवढंच ते म्हणत. कुणाचं नाव कधी घेत नसत, नुसतं 'तिकडे'. गिऱ्हाईक फारच चिकित्सक निघालं की नेमका त्यांच्या टेबलावरचा फोन वाजे. दिगूभाऊ उभे राहत, सफारीचं वरचं बटण लावत आणि म्हणत, "हो साहेब. हो साहेब. लक्षात आहे, साहेब." फोनची जोडणी माझ्या टेबलावरून होत असल्यानं मला ठाऊक होतं, की पलीकडे वर्कशॉपचा मिस्त्री असे आणि चहा अजून का आला नाही म्हणून विचारत असे.

यातले मालकाकडे किती जात आणि दिगूभाऊंकडे किती राहत, हे हिशेबात असूनही मला कधी कळलं नाही. ते पैसे माझ्या टेबलावरून जातच नसत.

अशात एका उन्हाळ्यात काशीनाथ आला. सालवडला खोली करून राहायचा, रंगाच्या कारखान्यात कामाला होता. गाव सफाळ्याहून आत, डोंगरावर. तिथल्या तीन पाड्यांनी मिळून जीप घ्यायची ठरवली होती. कुणी भात विकून, कुणी पावसाळा सरल्यावर वीटभट्टीवर जाऊन पैसे साठवले होते. जीप भाड्यानं फिरवायची नव्हती. आजारी माणसाला खाली दवाखान्यात आणायला हवी होती. आदल्या पावसाळ्यात काशीनाथची वहिनी बाळंतपणात अडली, तिला झोळीत घालून डोंगर उतरवताना ती वाटेतच गेली. हे त्यानं स्वतः सांगितलं नाही. सोबत त्याची मावशी हिराबाय आली होती, ती टाय लावलेल्या पोराला सांगत होती आणि ते पोरगं तिला सीटकव्हरचे रंग दाखवत होतं.

जीपचे पैसे भरून झाले. मग दोघं रबराच्या झाडाआड गेली. दिगूभाऊंनी पान उलटलं, सुस्कारा सोडला आणि यादी म्हटली.

काशीनाथनं ऐकून घेतलं. "यातली सरकारची फी कंची?"

"ती थोडीच आहे."

"मंग ती तेवढी भरतो. बाकीचं आमी करू. सोता जाऊ ठाण्याला."

दिगूभाऊंना राग येत नसे. "जा ना," ते हसून म्हणाले. "कुणी अडवलंय?"

काशीनाथ कारखान्याची सुट्टी घेऊन ठाण्याला जाऊन आला. फाईलमध्ये शोरूमचा विक्रीचा दाखलाच नव्हता, म्हणून खिडकीवरून परत पाठवलं होतं. "तो राहिला होय?" दिगूभाऊ म्हणाले. "तो मागून घ्यावा लागतो." दाखल्यावर मॅनेजरची सही हवी होती, मॅनेजर मुंबईला गेलेले होते, ते आले तेव्हा शिक्का सापडत नव्हता. शिक्का सापडला तोवर गाडीच्या तात्पुरत्या नंबराची मुदत संपली. "मुदत संपली की दंड लागतो," दिगूभाऊंनी काशीनाथला समजावलं. "आधीच माझ्यावर सोडलं असतंत तर!" जीप शोरूमच्या मागच्या आवारात उभी राहिली. वॉचमन तिच्यावर रोज सकाळी पाणी मारायचा. धुळीनं माखलेली गाडी मालकाला खपत नसे.

पावसाच्या तोंडावर एका दुपारी हिराबाय पुन्हा आली. बरोबर काशीनाथ आणि पाड्यावरची दहाएक माणसं. ती थेट मागच्या टेबलाशी गेली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"आमच्या धाकूला पान लागलं," ती म्हणाली. पान लागलं म्हणजे साप चावला. "झोलीत घालून खाली आनला. जगला तो. पन पायाची बोटां कापली. गाडी हिथं रोज आंघोल करते, नि आमचा मानूस खांद्यावर."

दिगूभाऊंनी पेन खाली ठेवलं.

"वाईट झालं, बाई. पण नियम असतात."

"कुनाचे?"

"तिकडचे."

"तिकडं कोन हाय?"

"साहेबलोक."

"तू वलखतोस त्यांना?"

"रोजचं जाणं-येणं आहे माझं."

"मंग चल," हिराबाय म्हणाली. "आताच चल."

दिगूभाऊंनी सांगून पाहिलं, की आज वेळ गेली, उद्या साहेब रजेवर, परवा सुट्टी. हिराबायनं वाद घातला नाही. ती पुढे गेली आणि चकचकीत फरशीवर, सगळ्यात महागड्या गाडीला पाठ टेकून बसली. मागोमाग बाकीचीही बसली. कुणी घोषणा दिली नाही की आवाज चढवला नाही. एकानं तंबाखू मळायला घेतली. एक ठेकेदार बायकोला घेऊन गाडी बघायला आला होता, तो दारातूनच मागे फिरला. मग मॅनेजर धावत आले.

"सावे, उद्या सकाळी यांच्याबरोबर जा."

"साहेब, मी कशाला? रामसकल—"

"जा म्हणतो ना!"

गाडी शोरूमच्या लाल पाटीवर, म्हणजे विक्रेत्याच्या नंबरावर, न्यायची होती. पाटीसोबत कचेरीतला माणूस हवा, म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. सकाळी रामसकलनं गाडी काढली. मागच्या बाकावर हिराबाय आणि काशीनाथ यांच्या मधोमध दिगूभाऊ, सफारीला घडी पडू नये म्हणून अंग चोरून बसलेले. चिल्हार फाट्याला हायवे लागला तसा वारा आत आला. पाड्यावरची माणसं पहिल्यांदाच आपल्या गाडीत बसली होती, ती आपसात हसत-बोलत होती. दिगूभाऊ घोडबंदरपर्यंत फाईलची पानं उलटत होते.

कार्यालयाच्या फाटकाशी आम्ही उतरलो. दिगूभाऊंनी सफारी झटकली, केसांवरून हात फिरवला आणि ते तडक समोरच्या चहाच्या टपरीकडे निघाले. काशीनाथ म्हणाला, "भाऊ, हापीस हिकडं."

रामसकल माझ्या कानाशी आला. "साब तो हमेशा यहीं बैठते हैं," तो म्हणाला. "अंदर लाइन में मैं खड़ा होता हूँ."

एवढी वर्षं ती ओळख, ते जाणं-येणं, ती टेबलावरून टेबलावर चालणारी फाईल, सगळं म्हणजे रांगेत उभा राहिलेला रामसकल होता. त्याला दिगूभाऊ दुपारी वडापाव देत.

आता टपरीकडे जाणं जमण्यासारखं नव्हतं. दिगूभाऊंच्या दोन्ही बाजूंना डोंगरावरची माणसं होती. ते आत गेले तेव्हा कुठल्या खिडकीशी जायचं हे त्यांना कळेना. एका खिडकीवर विचारलं, त्यांनी दुसरी दाखवली. तिथे रांगेत उभं राहून नंबर आला, तेव्हा आतल्या कारकुनानं फाईल घेतली आणि वर बघितलं.

"गाडीचे मालक?"

काशीनाथ पुढे झाला.

"आणि हे कोण?"

दिगूभाऊंनी सफारीचं बटण चाचपलं. "मी बोईसरहून... सावे... आपली नेहमीची—"

"एजंट का? एजंटनी बाहेर थांबायचं."

"मी एजंट नाय," दिगूभाऊ म्हणाले. मी त्यांच्या तोंडून घिवलीची बोली त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. "मी तसा नाय हाय."

"मग कोण आहात?"

दिगूभाऊंनी खिशातलं सहीचं पेन काढून कारकुनापुढे धरलं. त्यांच्या मागे रांग उभी होती. कुणीतरी "आटपा हो" म्हणालं. मला वाटलं, हिराबाय आता या माणसाचं सगळं तिथेच काढणार. तिला तो हक्क होता. ती खिडकीशी वाकली.

"आमच्या संगतीचा हाय तो," ती म्हणाली. "आमच्यातलाच."

कारकुनानं मान डोलावली आणि कागद तपासायला घेतले.

बाकी काही घडलं नाही. घडलं नाही, हेच दिगूभाऊंना अवघड गेलं असावं. भिंतीवर दर लिहिलेले होते, तेवढी फी आणि मुदत टळल्याचा दंड भरला, पावती आपोआप मिळाली. दुपारी वडाच्या सावलीत सगळी जेवायला बसली. हिराबायनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिगूभाऊंच्या हातावर ठेवली. ते सावलीच्या कडेला बसून खाली मान घालून जेवले. मग तपासणीवाले साहेब आले, इंजिनावरचा आकडा कागदाशी ताडून पाहिला, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवून बघितला. संध्याकाळी नंबर मिळाला.

परतताना मनोरला गाडी थांबली. सगळ्यांच्या चहाचे पैसे दिगूभाऊंनी दिले. त्यांना स्वतःच्या खिशात हात घालताना मी तेव्हाच पाहिलं. आम्हाला बोईसरला उतरवून जीप सफाळ्याकडे गेली. जाताना चाकाशी बसलेल्या काशीनाथनं हॉर्न वाजवला, दिगूभाऊंनी हात वर केला की नाही ते अंधारात दिसलं नाही.

मला वाटलं, माणूस आता बदलेल. निदान काही दिवस तरी गप्प राहील. सोमवारी एक वाडीवाला टेबलाशी बसला होता आणि यादी चालली होती. शेवटी एक नवी बाब आली.

"आणि समक्ष हजेरीचे."

"ते काय?"

"मी स्वतः ठाण्याला जातो. खिडकीशी उभा राहतो. परवाच डोंगरावरच्या गरीब लोकांचं काम करून दिलं, एक पैसा घेतला नाही. विचारा यांना," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. वाडीवाल्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि हजेरीचे दिले. आता खरंच आत जातात का, असं मी पुढे रामसकलला विचारलं. तो म्हणाला, "चाय ही पीते हैं. पहले एक, अब दो."

हे असं आणखी दोन-तीन वर्षं चाललं. मग मालकाचा मुलगा शिकून आला. त्यानं कॉम्प्युटर बसवला आणि दिगूभाऊंच्या साऱ्या बाबी एकत्र करून दरपत्रकावर एकच ओळ छापली, 'हाताळणी शुल्क'. रक्कम आधीच्या बेरजेहून जास्त होती. पहिल्या आठवड्यात आम्ही वाट पाहिली. एकाही गिऱ्हाइकानं विचारलं नाही. कुलकर्णींच्या मुलानं गाडी घेतली, त्यानंही नाही. छापलेल्या अक्षराशी कोण भांडणार? मग रबराचं झाड हलवलं, टेबल हलवलं, आणि महिनाअखेरीस दिगूभाऊंना यायची गरज नाही असं कळवलं. रामसकलची नोकरी राहिली. रांगेत कुणीतरी उभं राहायला हवंच होतं.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. ते छापील दरपत्रक हातात घेऊन त्यांनी बराच वेळ वाचलं.

"माझ्याशी माणूस भांडू तरी शकत होता," ते म्हणाले. "आता कुणाशी भांडणार?"

त्यांना माझा निरोप घ्यायचा होता की मालकाच्या मुलाबद्दल वाईट बोलायचं होतं, मला समजलं नाही. मी चहा मागवला. तो यायच्या आत ते उठून गेले.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. चिंचणीच्या रस्त्यानं मी स्कूटरवरून येत होतो. पुढे गाड्या तुंबल्या होत्या, भोंगे वाजत होते. बाजूनं पुढे गेलो तर रस्त्याच्या मध्यात ड्रायव्हिंग स्कूलची छोटी गाडी बंद पडलेली, मागच्या काचेवर लाल अक्षर. आणि आत स्टिअरिंगच्या चाकाशी दिगूभाऊ. या माणसाच्या हातून शेकडो गाड्या गेल्या आणि त्याला गाडी चालवता येत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सफारी नव्हती, साधा सदरा होता. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं, मान ताठ, कपाळावर घाम. शेजारी बसलेला विशीतला शिकवणारा पोरगा खेकसत होता, "क्लच, काका, क्लच! किती वेळा सांगायचं?" समोर एक म्हैस निवांत उभी होती. दिगूभाऊंनी दार उघडलं, खाली उतरले, म्हशीच्या पुढ्यात जाऊन हात जोडले. मागचे टेम्पोवाले हसायला लागले. म्हैस आपल्या मनानं बाजूला झाली. ते परत आत बसले, किल्ली फिरवली. गाडी दोनदा हिसका देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली आणि अडखळत, डावीकडे झुकत, समुद्राच्या बाजूला निघाली. मी हाक मारणार होतो, पण त्यांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती, आणि मी मागेच थांबलो.